मालनचं मत

मालन,

आज पाचवा दिवस. तू येतेस, चप्पल दाराबाहेर काढतेस, कणीक तिंबतेस, माझ्या एकटीच्या चार पोळ्या लाटतेस, तवा पुसून उलटा ठेवतेस आणि जातेस. शनिवारी तू ठाण्याला जाऊन कालिंदीचा नवा सिनेमा बघून आलीस. आज गुरुवार. त्याबद्दल अजून एक शब्द नाही. चौदा वर्षांत कालिंदीचा एक सिनेमा असा गेला नाही, की ज्याची तू ओट्यापाशी उभं राहून चिरफाड केली नाहीस. बाई कशी बसली, कशी उठली, भांडं कुठल्या हाताने उतरवलं, सगळं. आता मी विचारावं अशी तुझी इच्छा आहे का? मी नाही विचारणार. विचारलं तर तू ‘बरा होता’ म्हणशील. ‘बरा होता’ तू फक्त दुसऱ्या नट्यांच्या सिनेमांना म्हणतेस, हे मला ठाऊक आहे.

तुला राग आलाय, ते दिसतंय. मला काय आलंय ते तुला दिसतं का? त्या आसावरीबरोबर गेलीस तू. तिच्या लेकीच्या गाडीतून. मी तुला कधी गाडीतून नेलं नाही, कारण माझ्याकडे गाडी नाही. रिक्षाने नेलं. पण मध्यंतरात समोसा अर्धा केला की मोठा तुकडा तुला दिला. असलं बोलून दाखवू नये. दाखवते.

हे पत्र कागदावर उतरलं नाही. नीलाबाई बर्वे ओट्यापासून चार पावलांवर, स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीत पेपर उघडून बसल्या होत्या आणि मनातल्या मनात ते मालनच्या पाठीला उद्देशून बोलत होत्या. लाटणं फिरत होतं.

नीलाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. एकाहत्तर सालच्या बी.ए., तेही अर्थशास्त्र घेऊन. मग सगळी नोकरी टेलिफोन खात्यात. नवरा गेलेला, मुलगा केदार पुण्याला. डोंबिवलीत रामनगरातल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात, आणि त्यांना कुणी ‘एकट्या’ म्हटलं की चिडतात. मालन शिगवण अठ्ठावन्न वर्षांची. माहेर गुहागर तालुक्यातलं, शिक्षण सातवी, नवरा विठ्ठल एका कंपनीत वॉचमन. टिटवाळ्याला एका नव्या बिल्डिंगमध्ये त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर. रोज सकाळी ती डोंबिवलीला येते आणि रामनगरातल्या चार घरच्या पोळ्या करते. नीलाबाईंचं घर चौथं, म्हणजे शेवटचं. त्यामुळे तिथे ती पाच मिनिटं जास्त थांबू शकते, आणि आजवर थांबत आली.

सिनेमाचं हे खूळ नीलाबाईंनीच तिला लावलं, निदान नीलाबाईंचं म्हणणं तसं. बर्वे गेले त्या वर्षी एका मंगळवारी त्यांनी सवयीने दोन तिकिटं काढली आणि मग लक्षात आलं की दुसरं कोणासाठी. एकट्या बाईने सिनेमाला जाऊ नये असल्या भाकडकथांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण मध्यंतरात बोलायला कुणी नसेल तर सिनेमा बघायचा कशाला, हा त्यांचा रोकडा सवाल. मालन तवा पुसत होती. “चल,” म्हणाल्या. “कुठे?” “चल म्हटलं ना.” तिला विचारलंसुद्धा नाही.

तो सिनेमा कालिंदी बोरवणकरचा होता. कालिंदी म्हणजे काही पोस्टरवर हसणारी नटी नव्हे. चाळिशीची, सावळी, साधीशी. वर्षाला एखादा सिनेमा करते, तो दोन-तीन आठवडे चालतो. त्या सिनेमात ती एका शाळेतली बाई होती. नोकरी गेली हे तिला घरी येऊन नवऱ्याला सांगायचं असतं. नीलाबाई पडद्यावरचा प्रकाश आणि सावल्या बघत होत्या, कारण त्याबद्दल त्यांनी एका पुस्तकात वाचलं होतं. मध्यंतरात मालन त्यांच्या कानाशी वाकली.

“ताई, ही घरात काम करणारी बाई आहे.”

“अगं, नटी आहे ती.”

“नटी असू दे. चपला बघितल्यात का? ती बोलत होती नवऱ्याशी, डोळ्यांत पाणी, सगळं लक्ष बोलण्यात. आणि पायाने टाच दाबून चप्पल काढली, दुसरी काढली, आणि अंगठ्याने सरकवून जोडी भिंतीला लावली. माणूस कितीपण दुःखात असला ना, पाय विसरत नाहीत.”

नीलाबाईंना चपला दिसल्याच नव्हत्या. उरलेला अर्धा सिनेमा त्यांनी पडद्याची खालची बाजू बघण्यात घालवला.

तेव्हापासून ठरून गेलं. कालिंदीचा सिनेमा आला की मंगळवारी दुपारी दोघी कल्याणला जाणार. दुसऱ्या कुणाचा सिनेमा मालन फुकटसुद्धा बघत नसे. नेलं एकदोनदा, तर बाहेर येऊन ‘बरा होता’. सिनेमांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. ती त्यांना चपलेचा, पिशवीचा, पदराचा अशी नावं ठेवी. पिशवीच्या सिनेमात कालिंदी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून ढसाढसा रडते, पण हातातली पिशवी खाली ठेवत नाही. “त्यात डबा होता ना,” मालन म्हणाली. “सांडला असता.” पदराच्या सिनेमावर मात्र ती दोन दिवस धुसफुसत होती. “पिठाचे हात पदराला पुसते! जिला आपलं लुगडं आपणच धुवायचं असतं ती बाई पदराला पीठ लावील का? कालिंदीला कुणीतरी तसं करायला लावलं. तिचं मन नव्हतं त्यात, मी बघितलं.” आणि ज्यात कालिंदी पोलीस झाली होती तो सिनेमा मालनने एका वाक्यात निकालात काढला: “आमचे हे पट्टा घालून ड्यूटी करतात, बसायच्या आधी पट्टा वर करतात, ही तशीच बसली. पोटात नाही का रुतला?”

कालिंदीचा फोटो तिच्या फोनमध्ये नव्हता. ती राहते कुठे, नवरा कोण, मुलं किती, याची मालनला पडलेली नव्हती. नीलाबाईंनी एकदा विचारलं, “लग्न झालंय का गं तिचं?” तर म्हणाली, “मला काय करायचंय ताई? मी काय स्थळ बघतेय तिला?”

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं नीलाबाईंनी करायला नको होतं.

रामनगरातल्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ‘चित्रपट-गप्पा’ असतात. आधी गप्पा, मग पोहे, हा शिरस्ता. उलट केलं तर पोहे खाऊन मंडळी घरी जातात. नऊ वर्षं तिथे नीलाबाई बोलत. पंधरा मिनिटं, मुद्द्यांचा कागद हातात, कुणी मध्ये कुजबुजलं तर थांबून बघायचं. लोक मान डोलवत, पोह्यांच्या वासाने थोडी जास्तच. एकदा बोलताबोलता त्यांनी चपलेची गोष्ट सांगितली. ‘माझ्याकडे पोळ्या करणाऱ्या मालनने हे मला दाखवलं’ असं म्हणायचं त्यांच्या मनात होतं, पण ते वाक्यात बसेना. मग नाहीच म्हटलं. टाळ्या पडल्या. नऊ वर्षांत भाषणाच्या मध्येच टाळ्या पडल्याची ती पहिली वेळ. त्यानंतर पिशवी सांगितली, पट्टा सांगितला. संघाच्या वार्षिक अंकात ‘पाय विसरत नाहीत’ या मथळ्याचा त्यांचा लेख आला, खाली ठसठशीत नाव: नीला बर्वे. संघाचे चिटणीस गुरुदत्त नाडकर्णी, निवृत्त मुख्याध्यापक, जिन्यात थांबवून म्हणाले, “नीलाताई, काय नजर आहे हो तुमची!” नीलाबाईंनी ‘छे हो’ म्हटलं. यापेक्षा जास्त काही म्हटलं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गप्पा चुकवायच्या नव्हत्या आणि एकटीने रस्ता ओलांडायला डॉक्टरांची मनाई. म्हणून दर दोन तासांनी डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली घेऊन मालन बरोबर आली आणि मागच्या खुर्चीत बसली. बोलणं झाल्यावर आसावरी उठली. आसावरी दाते बँकेतून निवृत्त, सत्तरीची, टापटिपीची, आणि प्रत्येक सभेत शेवटी उभं राहून काहीतरी बोलणारच अशी बाई.

“नीलाताईंचं ते चपलेचं निरीक्षण,” ती म्हणाली, “मी लेकीला वाचून दाखवलं. पाय विसरत नाहीत! काय वाक्य आहे!”

मागून मालनचा आवाज आला, आनंदाने फुललेला. “ते मीच सांगितलेलं ना, ताई? पहिल्या सिनेमाला!”

तिने काही चोरी पकडली नव्हती. तिला खरंच आनंद झाला होता. आपलं बोलणं इतक्या शिकलेल्या माणसांत पोचलं, एवढंच तिच्या मनात. पण हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. नीलाबाईंच्या डोळ्यावर ऑपरेशनचा काळा चष्मा होता, एवढं नशीब.

नाडकर्णी मुख्याध्यापकी करून मुरलेले. म्हणाले, “अरे वा! मग बाई, पुढे या. अजून काय काय बघितलंत ते आम्हालाही सांगा.” मालन पुढे गेली नाही, माइकला तर हातही लावला नाही. जागेवरच उभी राहिली आणि पदराचा सिनेमा सांगितला. मग पट्ट्याचा. विठ्ठल खुर्चीत बसायच्या आधी पट्टा कसा वर करतो ते करून दाखवलं. म्हातारे डोळे पुसेपर्यंत हसले. पोहे गार झाले आणि कुणी तक्रार केली नाही. नीलाबाईंच्या नऊ वर्षांत पोहे कधी गार झाले नव्हते.

पुढच्या महिन्यात संघाच्या फळ्यावर लिहिलेलं होतं: ‘चित्रपट-गप्पा: नीला बर्वे व मालनताई’. त्याच्या पुढच्या महिन्यात: ‘मालनताई’. आणि खाली बारीक अक्षरात, ‘प्रास्ताविक: नीला बर्वे’. कानामागून आली आणि तिखट झाली, हे फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. नीलाबाईंनी ते स्वतःच वाचलं.

आसावरी तिला ‘अहो मालनताई’ म्हणायची. अहो! चौदा वर्षांत नीलाबाईंना कधी सुचलं नव्हतं की मालनला अहो म्हणता येतं. आता सुचून उपयोग नव्हता, ते आसावरीची नक्कल केल्यासारखं झालं असतं. त्याऐवजी त्यांना पोळ्यांत खोट दिसू लागली. काठ कच्चे, मधे जाड, तेल फार.

“तेल तेवढंच आहे ताई,” मालन म्हणाली. “राग वाढलाय.”

“मला कसला राग?”

“ते मला काय माहीत? मी पोळीचं सांगते.”

खरं तर नीलाबाईंना नेमका कोणाचा हेवा वाटत होता, याचा हिशोब एका नावावर मिटत नव्हता. मालनचा वाटत होता, कारण तिला पुस्तक न वाचता दिसत होतं. आसावरीचा वाटत होता, कारण मालन आता तिच्याही कानाशी वाकत होती. आणि सांगायला लाज वाटते, पण कालिंदीचासुद्धा वाटत होता. चौदा वर्षं मालन या घरात येत होती. नीलाबाई चपला कशा काढतात ते तिने एकदा तरी बघितलं होतं का?

अशात कालिंदीच्या नव्या सिनेमाची जाहिरात आली. संघाच्या पायरीवर बसून आसावरीने ती मालनला फोनवर दाखवली. मालनने लागोपाठ तीनदा बघितली. कालिंदी एसटीत कंडक्टर. भाऊ घरी येतो, पुढ्यात कागद ठेवतो आणि म्हणतो, सही कर. हक्कसोडीचा कागद. वडिलांच्या घरावरचा आपला वाटा बहिणीने भावाच्या नावे सोडून द्यायचा, गावोगावच्या बहिणी देतात तसा. कालिंदी कागदाकडे बघते, आणि जाहिरात तिथेच संपते.

दुसऱ्या दिवशी मालन पोळ्या करताना म्हणाली, “आमचा राघो गणपतीपासून मागे लागलाय. ये आणि सही करून जा म्हणतो. घर पाडून स्लॅबचं बांधायचंय त्याला.”

राघो तिचा धाकटा भाऊ. हे तिने आधीही दोन-चारदा सांगितलं होतं. नीलाबाईंनी ते ऐकलं होतं. पण त्या कान देत ते सिनेमाच्या बोलण्याला. म्हणाल्या, “मग कर सही. नाहीतर करू नकोस. त्यात काय एवढं?”

“बघू. कालिंदी काय करते ते बघू.”

“सिनेमा बघून कोणी सह्या करतं का, मालन?”

“सहीचं नाही हो ताई.” ती थांबली, लाटणं हातात. “माझ्या आईने त्या घराची जमीन सारवली, मी सारवली. सही करायची तर करेन, भाऊ आहे. पण तो कागद हातात धरायचा कसा, तेच मला कळत नाही. ती कसा धरते ते बघायचंय.”

हे वाक्य नीलाबाईंना फार आवडलं. संघात सांगण्यासारखं आहे, असं त्यांच्या मनात आलंच. मालनच्या मनात काय चाललं असेल, ते आलं नाही.

सिनेमा शुक्रवारी लागणार होता. नीलाबाई मंगळवार धरून बसल्या होत्या. बुधवारी मालन म्हणाली, “आसावरीताईंनी शनिवारचं तिकीट काढलंय. ठाण्याला. त्यांच्या लेकीची गाडी आहे. मग लेकीकडे बाळकुमला जेवण, एकविसाव्या मजल्यावर. तिथून खाडी दिसते म्हणे.”

“तू हो म्हणालीस?”

“मला न विचारताच काढलं त्यांनी.”

“मग नाही म्हणायचं.”

“असं कसं नाही म्हणू? तुम्ही तरी पहिल्यांदा कुठे विचारलेलं?” मालन हसत म्हणाली. नीलाबाईंना हसू आलं नाही.

शुक्रवारी सकाळी पहिल्या खेळाला त्या एकट्या कल्याणला गेल्या. आसावरीच्या आधी. मालनच्याही आधी. अख्ख्या हॉलमध्ये नऊ माणसं. नीलाबाईंनी डोळे ताणून पडद्याची खालची बाजू बघितली, हात बघितले, चप्पल बघायला गेल्या तर कॅमेरा नेमका चेहऱ्यावर. कुठे बघायचं तेच कळेना. शेजारच्या रिकाम्या खुर्चीत पर्स ठेवली होती. मध्यंतरात त्या सवयीने तिकडे वाकल्या आणि सरळ झाल्या. समोसा अख्खा खाल्ला. घरी आल्यावर आठवायला लागल्या तर हाताशी फक्त गोष्ट उरली होती. शेवटी कालिंदी डेपोत उभ्या गाडीच्या पुढच्या पत्र्यावर कागद ठेवून सही करते, घराची किल्ली भावाच्या हातात देते आणि गाडीत चढून घंटी मारते. बस्स. एवढं तर कुणालाही दिसलं असतं.

शनिवारी मालन लवकर आली. ठेवणीतली जांभळी साडी, केसांत अबोलीचा गजरा. नीलाबाईंबरोबर मंगळवारी जाताना तिने कधी गजरा घातला नव्हता. दुसरी पोळी तव्यावर होती आणि तिसरी लाटली जात होती, तेव्हा नीलाबाई म्हणाल्या,

“सही करते ती.”

“काय?”

“कालिंदी. शेवटी सही करते. किल्लीसुद्धा देऊन टाकते भावाला.”

लाटणं थांबलं. मालन वळली नाही.

“तुम्ही बघितलात?”

“काल.”

“एकट्या?”

“एकटी.”

तव्यावरची पोळी फुगली, बसली आणि तिला काळे डाग पडायला लागले. मालनने ती चिमट्याने उचलून बाजूला ठेवली.

“मला कशाला सांगितलंत, ताई?”

“तुला घाई होती ना कळायची, काय करते ते?”

मालनने तिसरी पोळी भाजली, चौथी लाटली, भाजली, तवा पुसून उलटा ठेवला, हात धुतले. दारात चपला घालताना एक वाकडी पडली. तिने वाकून हाताने सरळ केली आणि गेली.

रविवार तिच्या सुट्टीचा. सोमवारी आली, काही बोलली नाही. मंगळवार, बुधवार तसेच गेले. मंगळवारी दुपारी तर नीलाबाई घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. संघात आसावरी भेटली. तिने खाडी, लिफ्ट, कालिंदी आणि स्वतःचं रडणं असं सगळं एका दमात सांगितलं. “मालनताई मात्र गप्पच होत्या हो. फार आत शिरतात त्या भूमिकेत.” नीलाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मालन कशात शिरते ते आसावरीने त्यांना सांगावं!

आणि आज गुरुवार. मनातलं पत्र संपलं होतं, पेपरातलं शब्दकोडं तसंच कोरं होतं, मालन तवा पुसत होती. नीलाबाईंचा धीर सुटला.

“कसा होता गं?”

मालनने तवा उलटा ठेवला. यावेळी वळली.

“मला दिसलाच नाही ताई.”

“म्हणजे?”

“शेवट माहीत होता ना. मग सगळा वेळ तेच डोक्यात. आता करते सही, आता करते. ती जेवत होती तरी मी तेच बघत होते. तिच्या पायात चप्पल होती की बूट, तेपण सांगता येणार नाही. आणि सही आली, तेव्हा आसावरीताई मोठ्याने रडायला लागल्या, मी त्यांना रुमाल शोधून देत होते. कागद कसा धरला, ते गेलंच.”

आसावरी रडली आणि मालन नाही रडली, हे ऐकून नीलाबाईंना आधी बरं वाटलं. आधी ते वाटलं. लाज त्यानंतर वाटली, आणि दोन्हींमध्ये फार अंतरही नव्हतं.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. त्यांना हे वाक्य फारसं सरावाचं नव्हतं. ते थोडं हुकूम दिल्यासारखं आलं.

“असू दे,” मालन म्हणाली. पदराने तोंड पुसलं, पण हात आधी धुतलेले होते. “मला परत बघायचाय. राघोने सोमवारची वेळ घेतलेय रजिस्ट्रार ऑफिसात. रविवारी रात्री कल्याणहून गुहागरची गाडी आहे, हे रिझर्व्हेशन करून आलेत. रविवारीच दुपारी तीनचा खेळ आहे तिकडेच, कल्याणला. तो बघते आणि तशीच गाडीत बसते. आता शेवट माहीत आहे तर असू दे, मी नुसती बोटं बघेन. तुम्ही आज डोळे दाखवायला जाताय ना त्या बाजूला? तेव्हा तिकिटं काढा. ह्यावेळी तुम्ही न्या मला.”

“काढते!” नीलाबाई खुर्चीतून उठल्याच. “आज काढते. मागची रांग, मधली. पंख्याखाली नको तुला.”

“तिथे पंखे कुठे आहेत, एसी आहे.” मालन पहिल्यांदा हसली. दारात जाऊन चपलेत पाय घातला, आणि मागे बघत म्हणाली, “तीन काढा हां.”

“तीन?”

“आसावरीताईंचं पण. त्यांनी मला नेलेलं. त्यांना सोडून कसं जायचं? बरं दिसत नाही.”

“हो, हो,” नीलाबाई म्हणाल्या. “बरं दिसत नाही.”

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं. तिथून थिएटर दोन मिनिटांवर. खिडकीपाशी रांग नव्हती. आतल्या मुलीने विचारलं, “किती, आजी?”

नीलाबाई म्हणाल्या, “रविवार, तीनचा खेळ. दोन शेजारी मिळतील का? आणि एक जरा लांब?”

“तीन एकत्र आहेत ना. हे बघा, मागची रांग, मधल्या सीट.” मुलीने समोरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. तीन हिरवे चौकोन, एकमेकांना चिकटून.

मालन मधल्या चौकोनात बसणार. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला आसावरी. दिवे लागणार, मध्यंतर होणार. मालन आधी कोणाच्या कानाशी वाकणार? नीलाबाईंनी त्या तीन चौकोनांकडे नव्या, उत्तम डोळ्याने बराच वेळ बघितलं. मुलीने वाट बघितली, मग नखं बघितली.

“आजी, देऊ?”

“विचारून येते,” नीलाबाई म्हणाल्या.

कोणाला विचारायचं होतं, देव जाणे. त्या रिक्षा करून घरी आल्या.

शुक्रवारी मालनने चपला काढताकाढताच विचारलं, “मिळाली का?”

“नाही मिळाली.”

“हाऊसफुल्ल? हा सिनेमा?”

नीलाबाई चहाचा कप विसळत होत्या. विसळलेला कप त्यांनी पुन्हा विसळला.

“उद्या परत बघते जाऊन,” त्या म्हणाल्या.

“उद्या नक्की बघा,” मालन म्हणाली आणि कणकेचा डबा खाली घेतला. “दोन मिळाली तर दोन काढा ताई, मी सांगेन आसावरीताईंना काहीतरी. पण काढा.”

दोन. हवे होते तेच शब्द, न मागता मिळाले. शनिवारी नीलाबाई साडी नेसून, पर्स घेऊन तयार झाल्या, आणि दारातल्या खुर्चीत बसल्या. आसावरीला ‘काहीतरी’ सांगून, खोटं बोलून मिळवलेली शेजारची खुर्ची. ती आपली कशी म्हणायची, हे त्यांना बसल्याबसल्या कळेना, आणि तीन म्हणायला जीभ वळेना. दुपारी त्यांनी साडी बदलली. मालनचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, “नाही गं. नाही जमलं जायला.”

“बरं,” मालन म्हणाली.

रविवारी तीन वाजता कल्याणला खेळ सुरू झाला. तेव्हा मालन टिटवाळ्याला पिशवी भरत होती. रात्री ती गुहागरच्या गाडीत बसली; सोमवारी सहीसाठी अकराची वेळ होती. बुधवारी परत येते म्हणाली होती. तिकिटं कोणी काढली नव्हती, आणि गुरुवारी तो सिनेमा कल्याणहून उतरला.